कमळाच्या पाकिटाची कहाणी

"कहाणी सांगतांनी समोरच्या बाईच्या तोंडाकडं पाह्यजो, पुष्पा. तिनं हुंकार देल्ला तरच पुढं सरकजो. आन् एक ध्यानात ठेवजो, पदरचं काही घालजो नको. जशी आपल्याले आली, तशी पुढं देजो."

सासू जाऊन कैक वर्षं झाली, पण मुठीत तांदूळ घेतले की पुष्पाबाईच्या कानाशी हे बोलणं यायचंच. डोणगावच्या त्या घरात ती लग्न होऊन आली, तेव्हापासून तिचा नेम चुकला नव्हता. अंघोळ, तुळशीला पाणी, देवपूजा आणि मग त्या त्या वाराची कहाणी. ती झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. अंगात ताप असला तरी भिंतीला टेकून बसायची, पण कहाणी सांगायची.

कहाणीला दोन बाया लागतात. सांगणारीच्या मुठीत तांदूळ, ऐकणारीच्या मुठीत तांदूळ. सांगणारी जरा थांबली की ऐकणारीनं "हूं" म्हणायचं. शेवटी दोघींनी ते तांदूळ तुळशीत वाहायचे. आणि ऐकलेली कहाणी पोटात ठेवायची नाही. दिवस मावळायच्या आत आणखी एकीला सांगायची, नाहीतर ऐकल्याचं पुण्य लागत नाही, असं या बाजूच्या बाया मानतात.

सासूच्या मागं पुष्पाबाईला हुंकार द्यायला यायची ती जनकाबाई. मागच्या गल्लीत राहायची. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, योगिनी. बचत गटाच्या बायांना घेऊन तिनं उपासाची भगर निवडून विकायचं काम काढलं होतं. भगरीतले खडे भगरीएवढेच असतात, रंगालाही तसेच. जनकाबाई काळ्या कापडावर भगर पातळ पसरायची आणि डोळे बारीक करून एकेक खडा वेचायची. वेचलेली भगर पाकिटात, आणि पाकिटावर योगिनीनं काढलेलं कमळ. गावात नुसतं "कमळाची भगर" म्हटलं तरी दुकानदार तेच पाकीट पुढं करायचा. एकादशी असो की शिवरात्र, दाताखाली खडा आला नाही की बाया जनकाबाईचं नाव काढायच्या.

सकाळी कापड पसरायच्या आधी ती पुष्पाबाईकडं यायची. ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि तांदळाची मूठ गुडघ्यावर ठेवायची. तिचा हुंकार हा एक वेगळाच प्रकार होता. राणीवर संकट आलं की तिची "हूं" खाली जायची, देव पावला की वर यायची. तीच कहाणी, तीच राणी, वर्षानुवर्षं ऐकलेली. तरी राणी वनात निघाली की जनकाबाईच्या डोळ्यांत पाणी.

"अवं, तुले ठाव हाय ना पुढं काय होते थे?" पुष्पाबाई हसून विचारायची.

"तिले नाही ना ठाव, पुष्पाताई," जनकाबाई पदरानं डोळे पुसत म्हणायची.

मग घरात सून आली, काजल. मेहकरच्या एका शाळेत कारकुनीला जायची. हुशार, तोंडानं गोड. सासूचा नेम तिला आवडायचा. एकदा म्हणाली, "आई, तुमच्या कहाण्या फोनवर टाकू या का? बाया शेतात जातात, त्यांना येता येत नाही. तिथं ऐकतील."

तिनं ग्रुप काढला. नाव ठेवलं 'नित्य कहाणी'. पुष्पाबाईला बटण दाबून बोलायला शिकवलं. पहिल्या दिवशी फोनपुढं तांदूळ घेऊन बसताना पुष्पाबाईला लाज वाटली. बघायचं कुणाच्या तोंडाकडं? पण संध्याकाळी एकदोघींनी आपल्या आवाजात "हूं" करून पाठवलं आणि तिला मोठं नवल वाटलं. एक हुंकार लोणारहून आला होता, भाच्याच्या सासूचा.

हळूहळू ग्रुप वाढला. हुंकार मात्र तेवढेच यायचे, तीन-चार. बाकीच्या बाया ऐकत होत्या की नाही, कोण जाणे. पुष्पाबाई दिवसातून कितीदा तरी फोन उघडून पाहायची.

"काय शोधून राह्यली त्याच्यात?" भगवानराव, तिचे यजमान, विचारायचे.

"काही नाही."

"हुंकार मोजून राह्यली व्हय? देवाच्या कामात बी हाजरी घेता का आता?"

ती फोन उशीखाली सारायची.

जनकाबाईचा फोन साधा, बटणांचा. त्यात ग्रुप नव्हता. ती आपली रोजच्यासारखी सकाळी आली, तर पुष्पाबाईची कहाणी होऊन गेलेली, चहाही झालेला.

"झाली व्हय आज लवकर?"

"फोनात सांगतली ना, जनका. बाया वावरात जायच्या आंदी ऐकतात मून जरा लवकर सांगा लागते."

"हाव का." जनकाबाईनं घरून मुठीत आणलेले तांदूळ पाहिले, तुळशीत वाहिले आणि गेली. पुढंही दोन-चारदा आली. मग यायची बंद झाली. पुष्पाबाईला एकदोनदा वाटलं, बोलवावं. पण फोनात बोलून मोकळं व्हायची सवय लागली होती.

नवरात्र आठवड्यावर आलं होतं. सोयाबीनची सोंगणी जोरात होती, गावातल्या बाया दिवस उगवायच्या आत वावरात जात होत्या. त्या दिवसांत पुष्पाबाईच्या नणंदेच्या मुलीनं एक व्हिडिओ पाठवला. दवाखान्याची फरशी. फरशीवर सतरंजी, सतरंजीवर एक बाई डोळे मिटून पडलेली. तिच्या उशाशी सहा-सात वर्षांची एक पोर बसली होती आणि आईची वेणी घालत होती. पेड सुटत होते, पुन्हा घालत होती. मधेच आईच्या गालाला हात लावून काहीतरी बोलत होती, कुठल्या तरी परक्या भाषेत. खाली मराठीत लिहिलं होतं: उपासाच्या भगरीने घेतला आईचा जीव. सर्व भगिनींना कळवा.

पुष्पाबाईनं तो तुळशीपाशी उभ्या उभ्या पाहिला. पुन्हा पाहिला. आई उठेल तेव्हा वेणी घातलेली असावी, एवढंच त्या पोरीला वाटत असणार. पुष्पाबाईचा पदर भिजला. आपल्या बाया, उपासाच्या बाया, माझ्याच तोंडून नेम ऐकणाऱ्या. त्यांना नाही सांगितलं तर पाप कोणाला?

पूजा नुकतीच आटपली होती. कहाणीसाठी घेतलेले तांदूळ मुठीत तसेच होते. तिनं बटण दाबलं आणि सांगू लागली. बातमी वाचून दाखवायची असते, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. तिला एकच सांगणं येत होतं.

"ऐका बायांनो. एका गावात एक माय होती. नवरात्राचे उपास धरनारी, नेमधर्माची..." तिचा आवाज तसाही मऊ. तो आता कापत होता. बाई कशी अंघोळ करून उपासाला बसली, कशी तिनं भगर शिजवली, हे तिनं सांगितलं. यातलं काही त्या व्हिडिओत नव्हतं. पोर आईला काय म्हणाली, तेही सांगितलं. "माय, ऊठ ना. घट बसवाचा हाय ना." पोर खरं काय म्हणाली, हे पुष्पाबाईला कुठून कळणार? आणि सांगता सांगता तिची नजर स्वयंपाकघराच्या फळीवर गेली. तिथं पाकीट होतं. बायांच्या डोळ्यांपुढं यावं म्हणून ती बोलून गेली, "आपल्या घरात असते ना, कमळाचं पाकीट, तसंच पाकीट तिच्या उशाशी फुटून पडलं होतं."

शेवटी तिच्यानं बोलवेना. हुंदका तसाच फोनात गेला. मग तिनं सवयीनं तांदूळ तुळशीत वाहिले.

पहिला हुंकार आला तो कुलदीपच्या आईचा, चार घरं टाकून राहणारीचा. हुंकार कसला, रडणंच ते. मग दुसरा, तिसरा. बांधावर बसून बाया ऐकत होत्या, विळे खाली ठेवून. दुपारपर्यंत इतके हुंकार आले की काजलनं मेहकरहून फोन केला. "आई, अहो तुमचा आवाज आमच्या शाळेतल्या बाईंच्या फोनवर आला! त्यांना मोताळ्याच्या बहिणीनं पाठवला. तुमचीच सासू ना, म्हणून विचारतात."

कहाणी पोटात ठेवायची नाही, हे बायांना आईच्या दुधासोबत मिळालेलं. शिवाय सांगणारीनं तांदूळ हातात घेऊन सांगितलेली. दिवस मावळायच्या आत प्रत्येकीनं आणखी एकीला पाठवली. कुणी पाचजणींना, कुणी माहेरच्या सगळ्या गोताला.

भगवानरावांनी संध्याकाळी विचारलं, "कोनतं गाव होतं थे?"

"कोनतं?"

"जिथं थे बाई मेली थे. तुले ठाव हाय का?"

"तुम्ही त्या पोरीले पाह्यलं नाही मून विचारून राह्यले," पुष्पाबाई म्हणाली. ती कधी असं तोडून बोलत नसे. त्या रात्री झोपण्याआधी तिनं देवाला हात जोडले आणि आपल्या मनात एक गोड काहीतरी पसरलेलं तिला जाणवलं. इतकी वर्षं सांगितलं, पण आज बायांनी ऐकलं, असं ते होतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुकानदारानं कमळाची पाकिटं काढून परत जनकाबाईच्या ओट्यावर टाकली. मग शेजारणींनी टाकली. एकीनं तर फोडलेलं पाकीट दारात ओतलं. मेहकरच्या कुठल्याशा बातम्यांच्या पानावर बातमी आली: 'डोणगावात विषारी भगर?' शेवटी प्रश्नचिन्ह होतं, पण ते वाचतो कोण? खाली रागाचे लाल चेहरेच चेहरे. त्यातले अर्धे लोक डोणगावचे नव्हतेच. 'हिच्याच पोरीले चारा आंदी' असं कुणी लिहिलं होतं. ज्याचं त्याचं रडणं एका रात्रीत राग होऊन बसलं होतं.

दुपारी जनकाबाई आली. ओट्यावर नेहमीच्या जागी बसली नाही, उभीच राहिली.

"पुष्पाताई, तुमच्या आवाजात हाय म्हंतात. कमळाचं पाकीट. तुम्ही म्हनल्या का तसं?"

"म्या तुह्यं नाव नाही घेतलं, जनका."

"नाव नाही. पाकीट घेतलं का?"

"तसंच... तसंच होतं म्हनलं. बायाइले समजावं मून."

"तिथं होतं का पन कमळ?"

पुष्पाबाई तुळशीकडं पाहत राहिली.

"मंग सांगा ना बायाइले, का नव्हतं मून," जनकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "तुमचं ऐकतात थ्या. माह्यं कोन ऐकते? योगिनी घराभाईर नाही निंघून राह्यली. पोरी तिले म्हनतात, किती जनीइले मारलं तुह्या मायनं."

"सांगीन. उद्या सांगीन."

"आज काऊन नाही?"

उद्या घट बसणार, बाया प्रसन्न मनानं ऐकतील, नीट शब्द जुळवून सांगू, असं पुष्पाबाई मनाला सांगत होती. फोन उशाशी होता आणि हुंकार अजून येत होते. त्या हुंकारांना ती काय म्हणणार होती? तुम्ही रडलात ते फुकट रडलात?

दुसऱ्या दिवशी घट बसले. सकाळी देवळापुढं बायामाणसांची गर्दी होती. जनकाबाई तिथं आली. डोक्यावर टोपलं, टोपल्यात तीच परत आलेली पाकिटं. तिचाही उपास होता, पोटात काही नव्हतं. देवळाच्या पायरीवर बसून तिनं एक पाकीट फोडलं.

"पाहा," ती म्हणाली. "सारे पाहा. मी खातो."

आणि ती कोरडी, कच्ची भगर मुठीमुठीनं तोंडात टाकू लागली.

"शिजवून तरी खाय व," कुणीतरी म्हणालं.

"शिजवली तं म्हनसान विष उडून गेलं."

कुणी हसलं. पोरांनी फोन वर धरले. एक पाकीट संपलं, तिनं दुसरं फोडलं. गिळवत नव्हतं, तरी गिळत होती. कोरडी भगर घशात अडकून ठसका लागला, डोळे पांढरे झाले, तरी हात थांबेना. पुष्पाबाई ओटीचं ताट घेऊन देवळातून बाहेर येत होती. तिला गर्दीच्या फटीतून ते तोंड दिसलं. जनकाबाईनंही तिला पाहिलं. भगरीनं भरलेल्या तोंडानं ती काही बोलू गेली आणि पायरीवरच उलटली. ओकारी, खोकला, पुन्हा ओकारी. खोकता खोकता श्वास कोंडला.

तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला कुणाची तरी गाडी मिळाली तोवर तो व्हिडिओ गावाबाहेर गेला होता. त्याला दुःखाचं संगीत लावलं होतं. वर लिहिलं होतं: स्वतःची भगर खाल्ली आणि पाहा काय झालं.

आता संशयाला जागाच उरली नाही. जिला शंका होती तिचीही फिटली.

डॉक्टर म्हणाले, घसा सोलून निघालाय, भगरीचे दाणे श्वासनळीत गेलेत, रिकाम्या पोटी इतकं कच्चं धान्य कोणालाही सोसणार नाही. भगरीत वाईट काही नाही. सरकारी माणसांनी पाकिटं तपासायला नेली होती, त्यांचाही निकाल तोच आला. आणि काजलनं शाळेतल्या बाईंच्या मदतीनं तो पहिला व्हिडिओ शोधून काढला. तो फार जुना होता, दुसऱ्याच राज्यातला. पुराचं पाणी पिऊन त्या भागात उलट्या-जुलाबाची साथ आली होती. भगरीचा संबंध नव्हता. आणि ती वेणीवाली बाई मेली नव्हती. दुसऱ्या दिवशी उठून बसली होती. त्याचाही व्हिडिओ होता. तो फार कुणी पाहिलेला नव्हता.

पुष्पाबाईनं तो पाहिला. बाई भिंतीला टेकून पेज पीत होती. वेणी वाकडी होती, पण घातलेली होती. आपण एका जित्या बाईला मारलं आणि दुसऱ्या जितीला मरायला धाडलं, एवढंच तिच्या मनात येत होतं.

तिनं त्याच दिवशी ग्रुपवर सांगितलं. तांदूळ घेऊन, नीट, काही न लपवता. ती बाई जिवंत आहे. कमळ मी माझ्या मनानं घातलं. जनकाची भगर चांगली आहे. मी चुकले, बायांनो.

हुंकार आला नाही. संध्याकाळपर्यंत दोघींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकीनं लिहिलं, 'ताईवर दबाव आणला वाटते.' दुसरीनं लिहिलं, 'त्या बाईच्या पोरीची दया आली असेल, ताई मनानं लय मऊ आहेत.' तिसरीनं घटापुढच्या रांगोळीचा फोटो टाकला आणि त्यावर मात्र खूपजणी बोलल्या.

"काऊन नाही पाठवून राह्यल्या वं पुढं?" पुष्पाबाईनं काजलला विचारलं. "ही बी तं ऐकलीच ना त्याइनं? तिले पोटात ठेवलेली चालते व्हय?"

"आई, त्या दिवशी रडू आलं म्हणून पाठवलं त्यांनी. राग आला म्हणून पाठवलं. यात रडण्यासारखं काही नाही, राग येण्यासारखं काही नाही. बाई बरी आहे, भगर चांगली आहे. हे कोणाला सांगावंसं वाटेल?" मग हळूच म्हणाली, "तुम्ही जरा वेगळ्या तऱ्हेनं सांगा. योगिनीचं सांगा. ती आईच्या उशाशी कशी बसते, तिची परीक्षा कशी बुडाली. तुमच्या आवाजात सांगितलं ना, तर सगळ्या रडतील. मग जाईल पुढं."

पुष्पाबाईनं तांदळाच्या डब्यात हात घातला होता, तो तिथंच राहिला. सांगता आलं असतं. शब्द आपोआप ओठांवर येत होते. एका गावात एक पोर होती. आवाजही कापू लागला होता. तिला त्या कापण्याची भीती वाटली, जशी स्वतःच्या अंगात वारं येण्याची वाटावी.

"नको," ती म्हणाली. "पुन्हा पदरचं नको."

नवरात्र सरता सरता ती बसनं दवाखान्यात गेली. जनकाबाई कुशीवर पडलेली होती. योगिनी उठून बाहेर गेली, पुष्पाबाईकडं न पाहता. खाटेपाशी स्टूल होतं, पण पुष्पाबाई खाली फरशीवर बसली.

"जनका, म्या सांगतलं ग्रुपवर. सारं सांगतलं. कोनी ऐकलं नाही."

जनकाबाईच्या घशातून आवाज निघायला वेळ लागला. निघाला तो सुपातल्या कोंड्यासारखा, कोरडा. "माह्या भावानं मोताळ्याले बलावलं. जातो आम्ही तिकडं."

"आन् काम? कमळाची भगर?"

"कोन घेईन?"

"म्या काय करू, सांग. तू म्हनशीन थे करीन."

जनकाबाईनं डोळे मिटले. मग तसंच डोळे मिटून म्हणाली, "फोनात नका सांगू. फोनाले तोंड नाही. एकेकीच्या समोर बसा, तांदूळ द्या तिच्या मुठीत. जशी मले सांगत होत्या तशी सांगा." तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत पुष्पाबाईनं तिचा हात धरून ठेवला. "जिनं जिनं हुंकार देल्ला होता, तिच्याच घरी जा. सगळ्याइनं देल्ला ना, तं मी येईन वापस."

"जाईन," पुष्पाबाई म्हणाली. "कहाणी झाल्याबिगर खानार नाही."

जनकाबाईनं त्यावर हुंकार दिला नाही.

जनकाबाई मोताळ्याला गेली. तिच्या दाराला कुलूप लागलं, ओट्यावर सांडलेली भगर चिमण्यांनी टिपून नेली. त्यांतली एकही चिमणी मेली नाही, पण ते कुणी फोनात घेतलं नाही.

पुष्पाबाई पहिल्यांदा गेली ती कुलदीपच्या आईकडं. सोंगणी आटपली होती, बाई घरी होती. तिनं चहा ठेवला, चांगली विचारपूस केली. पुष्पाबाईनं पदराच्या गाठीतून तांदूळ काढून पुढं केले आणि कशासाठी आली ते सांगितलं, तशी कुलदीपच्या आईनं हात मागं घेतला.

"जाऊ द्या ना पुष्पाताई. झालं थे झालं. कायले उकरता?"

"ऐकून तं घे. लहानशी हाय."

"ऐकलं ना ग्रुपवर. पन कसं हाय, इतके लोक म्हनतात तं काही तं असनच ना." मग आवाज खाली आणून, मायेनं, "आन् खरं सांगू का, तुमच्या त्या आवाजानं मी दिवसभर रडली होती. स्वयंपाक नाही केला. तुम्ही आता म्हनता थे सारं खोटं. मंग माह्यं रडनं काय होतं?"

चहा निवत होता. नेम व्हायचा होता, म्हणून तो पुष्पाबाईनं घेतला नाही. कुलदीपच्या आईला त्याचाही राग आला.

दुसऱ्या घरी सासू म्हणाली, सून घरी नाही. सुनेच्या बांगड्या आत वाजत होत्या. तिसऱ्या घरी एकीनं तांदूळ घेतले खरे, पण कमळाचं नाव आलं तशी ती फोनाकडं पाहू लागली. "बोला ना, ऐकून राह्यली," म्हणाली आणि हसली, फोनातल्याच कशाला तरी. ते तांदूळ पुष्पाबाईनं तिच्याकडून परत मागून घेतले.

ती उपाशीच घरी आली. काजल तिच्यापुढं येऊन बसली, तळहात पसरून. "आई, मला सांगा. मी देते हुंकार. तुम्ही पाणी तरी प्या."

"तुले सारं ठाव हाय, काजल. तुह्या हुंकारानं जनका येनार नाही." दिवस मावळल्यावर तिनं नेम अपुरा ठेवूनच तुळशीपाशी घोटभर पाणी घेतलं आणि पडून राहिली. सासूचं बोलणं कानाशी येत राहिलं, पुन्हा पुन्हा, एखाद्या रागावलेल्या माणसाचं यावं तसं. समोरच्या बाईच्या तोंडाकडं पाह्यजो. तिनं पाहिलं होतं आज. सगळ्या तोंडांवर तेच होतं. बाया दुष्ट नव्हत्या. त्यांना फक्त काही वाटत नव्हतं.

सकाळी ती उठली. अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, पूजा केली. फळीवर अजून ते पाकीट होतं. ते तिनं टाकलं नव्हतं, उघडलंही नव्हतं. फोन त्याच्याशेजारी ठेवला.

भगवानराव ओट्यावर दात घासत होते. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं त्यांनी पाहिली, पण आज त्यांनी थट्टा केली नाही.

"कुठसा निंघाली?"

"कहाणी सांगाले."

"कोनी ऐकते का पन?"

"नाही ऐकत."

त्यांनी चूळ भरली, घरात डोकावून पाहिलं. "फोन राह्यला तुहा."

"राहू द्या."

तिनं डब्यातून तांदूळ घेतले. एक मूठ आपली, एक समोरच्या बाईची. दोन्ही पदराच्या टोकाला वेगवेगळ्या बांधल्या, गाठी ओढून पाहिल्या आणि दार हलक्या हातानं लोटून पुढच्या घराकडं चालू लागली.